चहा कुठल्या कपात?

ऑफिसच्या कँटीनमध्ये आपण सगळेच पुरोगामी असतो. जात? कोण मानतं आता! लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही? जिचा तिचा प्रश्न. टीममधला एखादा मित्र गे आहे, मग त्यात काय एवढं? असं सगळं बोलून होतं आणि दुसरं कटिंग मागवलं जातं. ही मतं खोटी असतात असं अजिबात नाही. फक्त कँटीनमध्ये त्यांचे पैसे पडत नाहीत. पुरोगामीपणाचं बिल येतं ते घरी, आणि बरेचदा थेट स्वयंपाकघरात.

विश्वास नाही बसत? मग घरातले कप आठवून बघा. सकाळी कामाला येणाऱ्या मावशींना चहा दिला जातो. अगदी आलं-बिलं घालून, प्रेमाने. पण कशात? कितीतरी घरांत त्यांचा कप ठरलेला असतो. कान तुटलेला, नाहीतर कशावर तरी फ्री मिळालेला. तो इतर कपांबरोबर ट्रॉलीत नसतो, खिडकीच्या कोपऱ्यात पालथा घातलेला असतो. हा नियम घरात कुणी मोठ्याने सांगितलेला नसतो. मावशींची जातही कुणी विचारलेली नसते, आडनावावरून काय तो अंदाज. छेडलंच तर उत्तर तयार असतं, ‘अगं, स्वच्छतेसाठी!’ गंमत म्हणजे घरातले झाडून सगळे कप त्याच मावशी घासतात.

२०११-१२ मध्ये ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’त देशभरातल्या चाळीस हजारांहून जास्त कुटुंबांना एक प्रश्न विचारला होता : तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता : मग अनुसूचित जातीच्या माणसाने तुमच्या स्वयंपाकघरात आलेलं, तुमची भांडी वापरलेली चालेल का? पहिल्या प्रश्नात सुटलेले काही जण दुसऱ्यात सापडले. दोन्ही मिळून आकडा निघाला साधारण २७ टक्के. पहिला प्रश्न मताचा होता, दुसरा भांड्यांचा!

चहावरून आपल्याकडे एकदा मोठं रामायण झालंय. साल १८९०, गाव अर्थातच पुणे. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांच्या खटपटीने शहरातली बडी मंडळी पंचहौद मिशनमध्ये जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. मिशनऱ्यांकडून चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता मान राखला. मग गोपाळरावांनीच हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली! (माणूस भलताच खोडकर.) प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्ताची भाषा सुरू झाली. पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं.

रानडे म्हणजे सुधारकांचे अग्रणी. हे ऐकून आपण पटकन ‘ढोंगी’ म्हणून मोकळे होतो. पण बहिष्काराचा फटका कुणाला बसत होता ते बघा. लेकी-सुनांना, ठरत असलेल्या लग्नांना, घरच्या कार्यांना. मित्रांची घरं अडचणीत आलेली बघून रानड्यांनी माघार घेतली. बिल त्यांच्या एकट्याच्या नावावर आलं असतं तर कदाचित त्यांनी भरलंही असतं. मला ती माघार पटत नाही, पण कळते. आजही ‘माझी काहीच हरकत नाही रे, पण आईला त्रास होईल’ हे वाक्य आपण किती सहज वापरतो!

दुसरा चहा कोल्हापूरचा. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचं चहाचं हॉटेल काढून दिलं, तेही भर रस्त्यावर. पण महाराच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? हॉटेल ओस पडलं. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले. तेवढ्यावर थांबले नाहीत, बरोबरच्या मंडळींच्या हातातही कप जाऊ लागला. आता महाराजांसमोर नको म्हणायची कुणाची टाप आहे?

पुण्यातल्या चहाची नावं छापून आल्यावर पंचाईत झाली. कोल्हापूरचा चहा मुळात लोकांनी बघावा म्हणूनच प्यायला गेला होता. ते राजे होते, त्यांना परवडलं, असं म्हणता येईल. पण मग आपल्याला नक्की काय परवडतं?

समजा, ईएमआय भरून घेतलेला तुमचा दुसरा फ्लॅट भाड्याने द्यायचाय. ब्रोकर फोनवर हळूच विचारतो, ‘सर, मुस्लिम फॅमिली आहे, चालेल ना?’ पलीकडे बॉस नाही, मित्र नाहीत, तुमचं उत्तर कुणीही ऐकणार नाही. किंवा ऑफिसातली मैत्रीण विचारते, ‘आम्ही रजिस्टर लग्न करतोय, साक्षीदार म्हणून येशील?’ तिच्या घरच्यांना अजून पत्ता नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते, आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तिला शुभेच्छा देणारे तीस मिळतात, सही करणारा तिसरा काही केल्या मिळत नाही.

आणि स्वतःचं लग्न? विवाहमंडळाच्या फॉर्मवर ‘आंतरजातीय चालेल’ असं ऐटीत लिहिलेलं असतं आणि त्याच ओळीत पुढे ‘एससी-एसटी क्षमस्व’. क्षमा मागून भेदभाव करण्याची ही आयडिया भन्नाटच म्हणायची! वर सांगितलेल्या सर्व्हेत जातीबाहेर लग्न केलेल्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं.

लग्न ही मोठी गोष्ट. कपाचं काय? आजीशी वाद घाला, आईला लेक्चर द्या, हे उपाय बहुतेक घरांत फसतात. त्यापेक्षा तो कान तुटका कप एके दिवशी ‘चुकून’ फुटतो, आणि मावशींचा चहा रोजच्या सेटमधल्या कपात येतो. घरात दोन दिवस कुरकुर होते, तिसऱ्या दिवशी विषय मागे पडतो. अवघडतात त्या मावशीच. ‘ताई, माझा कप कुठंय?’ म्हणून त्या इकडेतिकडे शोधतात, नवा कप हातात धरून दारापाशी उभ्याच राहतात. शेवटी बसतात, घाईघाईने चहा पितात आणि कप स्वतःच विसळून ठेवतात. त्यांना अजून समोरच्या फ्लॅटमध्ये जायचं असतं, आणि तिथला त्यांचा कप वेगळाच असतो.