गाविलगडाच्या पायवाटेवरील गवळ्याचे घर

शेगावचे दर्शन आटोपून अकोट-परतवाडामार्गे सातपुड्यात चढणारा पदयात्री सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या पठारावर पोहोचला, की ज्या गवळी समाजाच्या प्राचीन वहिवाटीवरून गाविलगडाला ते नाव पडल्याचे परंपरा सांगते, त्याच समाजाची घरे त्याला आजही भेटतात. हा गड १४२५ साली बहामनी सुलतान अहमदशहा वलीने बांधविला. गवळ्यांची वस्ती त्याहून जुनी, असे लोकस्मृती मानते.

तट्ट्याच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंती, लगतच गोठा आणि चुलीवर अखंड आटणारी कढई, एवढाच गवळ्याच्या घराचा पसारा. परंतु त्यामागील व्यवहारबुद्धी आदरास पात्र आहे. डोंगरातून बाजारपेठ दूर असल्याने दूध नासण्यापूर्वी ते आटविणे क्रमप्राप्त ठरले, म्हणूनच येथील खवा आणि रबडी यांची ख्याती झाली. म्हशीच्या सुमारे पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो, आणि तळाला लागू नये म्हणून ढवळणे क्षणभरही थांबविता येत नाही, हे श्रम पाहुण्याने जाणून घ्यावेत.

म्हशीच्या दुधाची ही परंपरा वाटेच्या आरंभीही दिसते: शेगावजवळच्या पूर्णा नदीकाठी भुरकट वर्णाची पूर्णाथडी म्हैस पाळतात. तिच्या दुधातील स्निग्धांशाचे वऱ्हाडात विशेष कौतुक आहे.

घरात शिरण्यापूर्वी हाक द्यावी, दूध उकळलेलेच घ्यावे आणि मोल न विसरता द्यावे. भोवतालचा मेळघाट १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प असल्याने संरक्षित जंगलातील पायवाटांसाठी वनखात्याचा परवाना आधीच काढावा.