बालकांच्या नेत्रांची ठेवण व शिक्षकांचे कर्तव्य

वर्षारंभी नवी बालके समोर बसली म्हणजे शिक्षकाची दृष्टी प्रथम त्यांच्या मुखाकडे जाते. एखाद्याच्या डोळ्यांचा बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्याहून वर चढलेला दिसतो. क्वचित् तो खाली उतरलेला असतो. ही नेत्रांची तिरपी ठेवण होय. तिरळेपणा निराळा, त्यात दोन्ही बुबुळे एका दिशेस वळत नाहीत व नेत्रतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे लागते.

तिरपी ठेवण हा स्वतः रोग नव्हे. पुष्कळदा ती आईबापांकडून आलेली असते व मूल पूर्णपणे निरोगी असते. मात्र जोडीला बसके नाक, शिथिल स्नायू, तळहातावर एकच आडवी रेघ, चालण्या-बोलण्यास विलंब अशी लक्षणे आढळल्यास ‘डाउन सिंड्रोम’ संभवतो. जॉन लँगडन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली त्याचे वर्णन केले. कारण मात्र १९५९ साली उजेडात आले. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. येथे बहुधा २१ व्या जोडीत एक अधिक असते. ग्रहण, दृष्ट वा मातेची चूक यांचा त्याशी काडीमात्र संबंध नाही.

अशा बालकांपैकी सुमारे निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. पुष्कळांना कमी ऐकू येते. डोळ्यांचे बाहेरचे कोपरे खाली असणाऱ्या काही दुर्मिळ विकारांतही कानांची घडण सदोष असते. म्हणजे ज्यास आपण ‘मठ्ठ’ म्हणून मागे बसवितो, त्यास कदाचित् आपला शब्दच ऐकू येत नसतो!

शिक्षकबंधुभगिनींनी पुढील गोष्टी ध्यानी धराव्यात :

१. चेहऱ्यावरून निदान करू नये. ते डॉक्टरांचे कार्य असून रक्तातील गुणसूत्रांच्या तपासणीनेच ते निश्चित होते.

२. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा आपली निरीक्षणे त्यास लेखी द्यावीत. पाथर्डीसारख्या तालुक्यातील ऊसतोड कुटुंबांची मुले त्या दिवशी गैरहजर असल्यास त्यांची नावे टिपून ठेवावीत व ती परतताच तपासणी घडवावी.

३. पालकांशी एकांतात, आदराने बोलावे. वर्गात कोणी बालकास हिणवू नये.

४. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रवेश नाकारू नये.

डोळ्यांची ठेवण पाहून मूल कसे आहे हे ठरविणे सोपे. त्यास काय हवे आहे हे ओळखणे कठीण. शिक्षकाचे कसब या दुसऱ्या गोष्टीत आहे.