ब्राउझरचा 'स्पीड स्कोअर' नेमका काय मोजतो?

"आमचा ब्राउझर सगळ्यात फास्ट" असा दावा आला की सोबत एक आकडा असतो. हा आकडा बेंचमार्कमधून येतो. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली ठरावीक कामं करून घ्यायची आणि किती वेळ लागला ते बघायचं, इतकं ते सोपं. निदान ऐकायला तरी.

२००७ मध्ये सफारीमागच्या वेबकिट टीमने सनस्पायडर नावाचा बेंचमार्क आणला. तो ब्राउझरमध्येही चालायचा आणि कमांड लाइनवरही. कमांड लाइनवर जावास्क्रिप्टचं इंजिन एकटंच धावतं. तिथे टॅब नसतात, एक्स्टेन्शन नसतात, स्क्रीनवर काही रंगवायचं नसतं. इंजिन बनवणाऱ्यांना हेच हवं असतं, कारण कोडमधल्या बदलाने फरक पडला का ते स्वच्छ दिसतं. पण टर्मिनलमध्ये रील्स कोण बघतं?

आता २०१० चा किस्सा. मायक्रोसॉफ्टचं इंटरनेट एक्स्प्लोरर ९ तयार होत होतं. सनस्पायडरमधली गणिताची एक चाचणी ते संशयास्पद वेगाने संपवतंय, हे मोझिलाच्या रॉब सेयर यांनी पाहिलं. त्यांनी त्या कोडमध्ये काहीच न करणारी एक ओळ घातली, तर वेळ एकदम कितीतरी पट वाढला! झालं असं होतं की त्या गणिताचं उत्तर पुढे कुठेच वापरलं जात नव्हतं, म्हणून इंजिनने ते गणितच गाळलं होतं. मायक्रोसॉफ्ट म्हणाली, ही फसवणूक नाही, निरुपयोगी कोड गाळण्याची रीतसर पद्धत आहे. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण एका फालतू ओळीने मोडणारी युक्ती बघून लोकांच्या भुवया उंचावणारच.

गुगलने स्वतःचा ऑक्टेन बेंचमार्क २०१७ मध्ये बंद केला, तोही अशाच कारणाने. सगळे त्याच परीक्षेची घोकंपट्टी करत होते आणि खऱ्या वेबसाइट्सना त्याचा फायदा होत नव्हता. २०२४ चा स्पीडोमीटर ३ ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिलाने मिळून बनवला. त्यात यादीत कामं भरणं, चार्ट काढणं असली रोजची कामं असतात.

स्वतः करून बघायचंय? बाकी टॅब बंद करा, लॅपटॉप चार्जरला लावा आणि चाचणी चार-पाच वेळा चालवा. कन्सोलमध्ये स्वतःचा कोड मोजत असाल, तर तो हजारो वेळा फिरवा आणि उत्तर शेवटी छापा, नाहीतर इंजिन ते गाळून टाकू शकतं. आणि हो, सनस्पायडरमध्ये कमी आकडा चांगला, स्पीडोमीटरमध्ये जास्त.