खार फुटलेल्या रानात

सकाळी साडेसहा. पणदऱ्याच्या शिवारात ऊन तापायच्या आत पोहोचावं लागतं. दव असेपर्यंत वरंब्यावरचा पांढरा खार ओलसर असतो, खरवडताना उडत नाही. निर्जंतुक चमच्यानं वरचा पापुद्रा एका पिशवीत, वीतभर खालची माती दुसरीत.

"ताई, ह्या रानात काय राहिलंय? बेणं लावलं, कोंब वर आला नाही," बांधावरून तात्या म्हणतात. दुखणं जुनं आहे. नीरा डाव्या कालव्यानं पाणी आलं, निचऱ्याची सोय मात्र झाली नाही. भूजल वर चढलं, पाणी उडून गेलं, क्षार माथ्यावर राहिले. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींवर १९१० सालीच लिहून ठेवलंय.

नऊला बारामती, प्रयोगशाळा. मातीचा सामू आणि विद्युतवाहकता मोजून होते.

दहापासून दिवसाचं खरं काम. माती पाण्यात ढवळून दहापट, शंभरपट पातळ करत प्लेटवर पसरायची. इथं डिस्टिल्ड पाणी चालत नाही. कडक मिठात जगणाऱ्या पेशी त्यात फुटतात. मोजायला घेतलेले जीव मोजण्याआधीच मरतात. म्हणून एक संच २० टक्के मिठाच्या पाण्यात, दुसरा ५ टक्क्यांच्या. खारट मातीत "काहीच उगवलं नाही" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, पाणी कसलं घेतलं होतं?

दुपारी दोन. मेलेल्या पेशींचा डीएनएही मातीत टिकतो, त्यामुळे तो सापडला म्हणजे जीव आहे असं नाही. श्वसन चालू आहे का, हे पाहावं लागतं. टीटीसी हे रसायन बिनरंगी. जिवंत पेशींच्या श्वसनक्रियेत त्याचा लाल पदार्थ होतो. काल ठेवलेल्या नळ्यांत मिथेनॉल घालून गाळते. वाफेनं मारलेल्या मातीचं पाणी जवळजवळ नितळ, वरच्या पापुद्र्याचं फिकट गुलाबी, खालच्या मातीचं त्याहून गडद. पापुद्र्यातही कुणीतरी श्वास घेतंय!

चार वाजता जुन्या प्लेटी. अतिक्षारप्रिय जीव सावकाश वाढतात, आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर प्लेट सुकली तर मिठाचे खडे वसाहतींसारखेच दिसतात. तारेचं टोक लावायचं: खडा करकरतो, वसाहत पसरते. आज २० टक्क्यांच्या प्लेटवर लालसर ठिपके पसरले. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कारण सांगितलं होतं ते अशाच लाल रंगद्रव्याच्या जिवांचं. इथले नेमके कोण, ते जनुकीय तपासणीनंतरच कळेल.

सहाला तात्यांचा फोन. "जिवंत हाय म्हणता, मग जिवाणूंची बाटली आणून सोडू का?"

"नको तात्या. आधी चर काढा, पाणी उतरू द्या. मग धैंचा पेरून गाडू. जिप्समचं अहवाल बघून ठरवू."

"चराला शेजारच्याचा बांध आडवा येतोय."

"मग उद्या त्यांनाही रानात बोलवा, मी सकाळी येतेच आहे."