रक्तशर्करेची पट्टी आणि धातूच्या ऑक्साइडाचे पटल

बोटातील रक्ताच्या एका थेंबावरून साखर मोजणारी पट्टी आता खेडोपाडी परिचित झाली आहे. तिच्यातील खरे काम एक विकर करते. ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण होताना सुटणारे इलेक्ट्रॉन यंत्र मोजते. विकराच्या साहाय्याने विजेद्वारे ग्लुकोज मोजण्याची कल्पना क्लार्क व लायन्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६२ साली मांडली.

परंतु विकर हे प्रथिन होय. उष्णता व दमटपणा त्याला मानवत नाही. पट्ट्या ३० अंश सेल्सियसच्या आत ठेवाव्यात, अशी सूचना डबीवर बहुधा असते. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोटसारख्या गावी उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली ही सूचना कशी पाळावी? उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम हा आकडा मधुमेहाची सीमा मानला जातो. बिघडलेली पट्टी रुग्णाला निरोगी ठरवू शकते, किंवा उलटही.

म्हणून विकराविना ग्लुकोज मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत. शिक्षकांना बेनेडिक्ट परीक्षा आठवत असेल. निळ्या द्रावणात साखर घालून तापविले की विटकरी साका बसतो, तो तांब्याचा ऑक्साइड होय. ग्लुकोज धातूला इलेक्ट्रॉन देते, हेच तेथे डोळ्यांना दिसते. निकेल किंवा तांब्याच्या ऑक्साइडाचे, केसाहून शेकडो पट पातळ असे पटल विद्युत् अग्रावर बसविले, तर हीच देवघेव विजेच्या प्रवाहाच्या रूपाने मोजता येते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशा पातळ पटलांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे.

नुसते पटल मात्र पुष्कळदा मंद असते. तेथे आयनद्रायू, म्हणजेच प्लाझ्मा, उपयोगी पडतो. ट्यूबलाइटच्या नळीत उजळतो तो प्लाझ्माच. निर्वात पात्रात ऑक्सिजनचा प्लाझ्मा पटलावर सोडला असता पृष्ठावरील सेंद्रिय मळ जळून जातो व पाणी त्यावर सहज पसरते. हायड्रोजन वा आर्गॉनच्या प्लाझ्माने ऑक्सिजनचे काही अणू निघून जागा रिकाम्या होतात, आणि अशा जागी रासायनिक क्रिया वेग घेऊ शकते. मात्रा अधिक झाल्यास पटलच खराब होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

मोठी अडचण निराळी आहे. निकेलचे पटल तीव्र अल्कधर्मी द्रावणात उत्तम चालते. रक्त मात्र किंचितच अल्कधर्मी असते. शिवाय रक्तातील यूरिक आम्ल व क जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉन देऊन आकडा फुगवितात. प्रयोगशाळेतील यशाच्या वार्ता वाचताना द्रावण कोणते होते, हे आधी पाहावे. तोवर पट्ट्यांची डबी घट्ट झाकून, घरातील थंड कोपऱ्यात, चुलीपासून व खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी. मुदत उलटलेली पट्टी वापरू नये.