फोर्कलिफ्टची रोजची तपासणी : कोणत्या दुखापती टळतात?

भिवंडीची गोदामे असोत किंवा चाकणचे कारखाने, फोर्कलिफ्टशिवाय जड माल हलत नाही. दोन-अडीच टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजनच साधारण साडेतीन ते चार टन असते. त्यामुळे तिच्यामुळे होणारी दुखापत सहसा किरकोळ नसते. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला काही मिनिटे तपासणी केली तर यातील अनेक दुखापती टाळता येतात.

चावी फिरवण्यापूर्वी काय पाहावे?

- टायर आणि चाकांचे नट: टायर फाटलेला किंवा नट सैल असेल, तर उचललेल्या मालासह गाडी कलंडू शकते.
- फोर्क आणि साखळी: तडा, वाक किंवा झीज असल्यास माल खाली कोसळू शकतो.
- हायड्रॉलिक नळ्या: गाडीखाली तेल सांडले आहे का ते पाहा.
- बॅटरी: आम्ल गळत असल्यास त्वचा आणि डोळे भाजतात. आम्ल अंगावर उडाल्यास तो भाग लगेच वाहत्या पाण्याखाली किमान 20 मिनिटे धुवा.
- सीट आणि सीटबेल्ट: गाडी कलंडताना बाहेर फेकला गेलेला चालक तिच्याच खाली चिरडला जातो. म्हणून बेल्ट लावा आणि अशा वेळी उडी मारू नका.

चालू केल्यावर

ब्रेक, हँडब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न आणि रिव्हर्सचा आवाज तपासा. रिकामे फोर्क एकदा वर-खाली करून पाहा. दोष आढळल्यास चावी काढा, सुपरवायझरला कळवा आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी वापरू नका. 'आजचा दिवस चालवून घेऊ' असे करू नका.

टाचणीएवढी जखम, पण गंभीर

हायड्रॉलिक नळीवर हात फिरवून गळती कधीही शोधू नका. बारीक छिद्रातून प्रचंड दाबाने येणारे तेल त्वचा भेदून बोटात खोलवर शिरते. बाहेर फक्त एक ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. काही तासांत मात्र बोट सुजते आणि आतील ऊती मरू लागतात. बहुतेकदा तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते आणि उशीर झाल्यास बोट गमवावे लागू शकते. डॉक्टरांना 'दाबाखालील तेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगा.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

हाड मोडलेले नसले तरी चिरडलेल्या पायात सूज वाढून रक्तपुरवठा बंद पडू शकतो. पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास घरी थांबू नका:

- दुखापतीच्या मानाने फार जास्त किंवा वाढत जाणारी वेदना
- बोटे हलवताना असह्य दुखणे
- बधिरपणा किंवा मुंग्या
- पाय ताठ, पांढरट किंवा थंड पडणे

अशा पायाला मालिश, शेक किंवा घट्ट पट्टी करू नका. रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करा.

बंद गोदामात डिझेल किंवा गॅसवरील फोर्कलिफ्ट चालताना एकाच वेळी अनेकांना डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर जाणवली, तर कार्बन मोनॉक्साइडची बाधा असू शकते. सर्वांनी त्वरित मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

कुटुंबीयांसाठी

कामावरून आलेली व्यक्ती 'थोडेसे लागले आहे' म्हणाली, तरी बूट-मोजे काढून पाय स्वतः पाहा. दुखापत कामावर झाली असेल, तर त्याची नोंद कंपनीच्या अपघात नोंदवहीत करून घ्या. कामगार राज्य विमा योजनेतील उपचार आणि भरपाईसाठी ती नोंद उपयोगी पडते.