फाटकाबाहेरचा कोयता

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर या तालुक्यांतले रस्ते ट्रॅक्टरांनी भरू लागतात. ट्रॉलीत बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरंबाळं. ऊसतोडीला निघालेल्या या माणसांची संख्या दहा लाखांच्या आसपास सांगितली जाते. कारखान्यांच्या हजेरीपटावरून ती पडताळता येत नाही, कारण त्यांची नावं तिथे नसतातच.

फडातली मोजणी कोयत्यांत होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर तो अर्धा. हंगामाआधी टोळीचा मुकादम कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती आता लाखाच्या घरात गेली आहे. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, ऊस बुडख्यातून तोडायचा, पाचट काढायचं, वाढं छाटायचं, मोळ्या बांधायच्या. गाडी आली की, मग ती मध्यरात्री का येईना, डोक्यावरून मोळ्या वाहून ती भरून द्यायची. दिवसाला दीड-दोन टन तोड झाली तर बरी. जानेवारी २०२४ मध्ये वाटाघाटींनंतर ३४ टक्के दरवाढ झाली आणि टनाला ३६६ रुपये ठरले. पण ताप आला, पोट दुखलं आणि दिवस बुडला की खाडा पडतो: मजुरी जातेच, वर पाचशे-हजारांचा दंड उचलीवर चढतो. हंगामाअखेर हिशेब फिटला नाही तर बाकी पुढच्या वर्षावर.

सभासदापुरतं भान

कारखान्याचा करार वाहतूकदाराशी असतो, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी, तोही बहुधा तोंडी. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा होतो. म्हणून कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मीही मजूरच, आणि कोणती टोळी कधी येणार हे शेतकऱ्याच्या हातात नसतं.

तरीही साखर कारखानदारीला समाजाचं भान नव्हतं, असं कुणी म्हणू शकणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीच्या सहकारी कारखान्याचं गाळप १९५० मध्ये सुरू झालं. पुढे अनेक कारखान्यांच्या आधाराने शाळा, महाविद्यालयं, दवाखाने उभे राहिले. कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला लावलं ते २०१४ पासून. सहकारी कारखाने कंपन्या नसल्याने ते कलम त्यांना लागू नाही, पण त्यांनी त्याच्या कितीतरी आधी बरंच केलं. मात्र ही जबाबदारी सभासदापुरती राहिली. सभासद म्हणजे शेअर असलेला ऊसउत्पादक. ऊस तोडणारा सभासद नव्हता आणि नोकरही नव्हता.

मोजलं ते बदललं

कारखान्याच्या फाटकाच्या आत जे मोजलं गेलं, ते बदललंही. मळीपासून अल्कोहोल काढताना उरणारं तांबडं-काळं स्पेंट वॉश पूर्वी सर्रास ओढ्या-नाल्यांत जायचं. २००३ नंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आसवन्यांवर अटी आवळल्या. आता ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा त्याचं खत करतात. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज होते आणि उसातलंच पाणी निवळवून कारखान्यात पुन्हा वापरता येतं.

फाटकाबाहेर मात्र ढिलाई. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, असं केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नोंदवलं आहे. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं. पाटाच्या पाण्याने ऊस भिजवणं काही थांबलं नाही. ज्या दुष्काळी गावांना बारमाही पाणी मिळालं नाही, तिथलीच माणसं दुसऱ्यांचा बागायती ऊस तोडायला जातात.

ऊसतोडीच्या या व्यवहाराची सर्वांत जड किंमत बायकांनी मोजली. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण तीनच्या आसपास आहे. राहत्या कोपीला संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायचीच. दुखणं अंगावर काढायचं, ते हाताबाहेर गेलं की खासगी दवाखाना गाठायचा आणि ऑपरेशनसाठी पुन्हा मुकादमाकडूनच पैसे घ्यायचे.

कागदावरची साखळी

मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी हे दुखणं थेट साखरेच्या खरेदीदारांशी, म्हणजे कोका-कोला आणि पेप्सिकोसारख्या कंपन्यांशी जोडून दाखवलं. उसासाठी ‘बॉनसुक्रो’सारखी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं आहेत. पण तपासनीस कारखान्याच्या दारात येतो आणि ज्यांची नावंच दप्तरात नाहीत त्यांच्याबद्दल दप्तराला काय विचारणार? सेबीने बड्या सूचिबद्ध कंपन्यांना पुरवठादारांच्या साखळीचीही माहिती द्यायला सांगितलं होतं. नंतर मुदत पुढे ढकलून तो भाग ऐच्छिक केला.

खरं तर उपाय बाहेरून आणायची गरज नाही. गोदी-बाजारांतल्या हमालांनाही ठरावीक मालक नव्हता; आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याखालच्या मंडळाकडे कामगाराची नोंद, मालकाचीही नोंद. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना. मालक बदलत राहिला तरी हक्क कामगाराच्या नावावर राहतात. ऊसतोड मजुरालाही त्या हमालांसारखाच ठरावीक मालक नाही.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असं ठरलं. वसतिगृहं, ओळखपत्रं यांसाठी ते उपयोगी आहे, पण तो कल्याणनिधी. कामगाराच्या नावावर हक्काचं खातं त्यातून उघडत नाही. आता माथाडीच्या धर्तीवर मजुरीच्या एक-तृतीयांश लेव्ही धरून पाहू: टनाला १२२ रुपये. एका टन उसातून शंभर किलोहून थोडी जास्त साखर निघते. म्हणजे किलोमागे सव्वा रुपयापेक्षा कमी.

कारखानदारांची अडचण खोटी नाही. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि त्यानंतरचे अनेक हंगाम तिथेच राहिला, तर उसाचा रास्त दर वाढत गेला. म्हणूनच हा सव्वा रुपया एकट्या कारखान्याच्या किंवा शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. तो साखरेच्या भावात उघडपणे धरला पाहिजे. शीतपेयं, बिस्किटं, मिठाई करणाऱ्या बड्या कंपन्यांना तो झेपेल. त्यांनी खरेदीच्या करारात एकच अट घालावी: प्रमाणपत्र नको, हंगामात तोडणी केलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाच्या स्वतंत्र नावाने माथाडीच्या धर्तीवरच्या मंडळात भरलेल्या लेव्हीची पावती दाखवा. ती पावती दाखवायची तर आधी नोंदवहीत अर्ध्या कोयत्याच्या जागी बाईचं पूर्ण नाव लिहावं लागेल.